बेदाण्याच्या पुठ्ठ्यावर

खेबुडकर बाई म्हणाल्या, रोज दहा शब्द.
दहावीपर्यंत किती होतील
हा हिशोब मी तासगावच्या एसटीतच केला
आणि खिडकीबाहेर बघत बसले.

वहीपेक्षा खोक्याचा पुठ्ठा बरा, फाटत नाही.
आई शेडवरून दबलेली खोकी आणते,
गंधकाचा वास असतो त्यांना.
त्यावर मी लिहिते :
रिलक्टंट – अनिच्छुक.
आता अनिच्छुकचा अर्थ कुणाला विचारू?

'वाक्यात कसा आलाय?' आईनं विचारलं.
ती बेदाणा निवडत होती,
काडी एकीकडे, काळा दाणा एकीकडे.
मुलगी पाहुण्यांपुढे गायला अनिच्छुक होती.
'मग आढेवेढे घेत होती म्हण की.
तू घेतेस तशी.'

फ्रूगल – मितव्ययी, जपून खर्च करणारा.
आई हसली,
'हा आपल्याच घरातला दिसतोय.'
ऑब्स्टिनेटला ती हेकट म्हणाली
आणि आत्याचं नाव घेतलं.
एनिग्मा तिलाही आला नाही.
पुठ्ठ्यावर त्याच्यापुढं अजून मोकळंच आहे.

परवा तोंडी परीक्षा झाली.
मेटिक्युलस, बाई म्हणाल्या, वाक्यात उपयोग कर.
पुठ्ठ्यावर समोर काय लिहिलंय ते आठवेना.
दिसली नुसती दोन बोटं,
साखरेनं चिकट, नखांशी चिरलेली,
ढिगातून एकच काडी उचलणारी,
घाई नाही, चूक नाही.

'माय मदर,' मी म्हणाले.
पुढचं जुळेना.
बाई पेन खाली ठेवून
थांबल्या.