वीस किलोची पायरी

सोहार बंदराबाहेरच्या काट्यावर माझी रात्रपाळी.
साठ टनांचा काटा, पण आकडा विसाच्या पायरीनेच चढतो:
साठ, ऐंशी, शंभर.
मधलं काही त्याला दिसत नाही.
आधी भरलेला ट्रक, मग रिकामा,
वजाबाकी म्हणजे चुनखडी.
अकरा वर्षं मी हेच लिहितोय.

त्या रात्री रियाधला मोठी लढत होती.
क्वाबेनाने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला
आणि आम्ही तिघे त्यावर वाकलो.
घानाचा क्वाबेना, ज्याचा खांदा केबिनमध्ये आधी येतो
आणि तो स्वतः जरा वेळाने.
दाद करीम, इथलाच बलुच, गेटचा राखणदार,
तरुणपण कराचीला, ल्यारीत, ठोसे खाण्यात गेलेलं,
दात सात, कान एक.
आणि मी, खेडचा, ओल्या टॉवेलसकट बावन्न किलो.

पडद्यावरचे दोघे दोन-दोन मीटर उंच.
चौथ्या फेरीपासून ते एकमेकांवर रेलले होते,
जिन्यात अडकलेल्या दोन कपाटांसारखे.

दाद करीम म्हणाला, ही लढत नाही, हमाली आहे.
आमच्या वेळचा बादशहा पंच्याऐंशी किलोचा होता,
पंधरा फेऱ्या खेळायचा,
आणि सोळावी नाही म्हणून चिडायचा.

क्वाबेना हसला. टेबल हललं, मोबाइल पडला.
चाचा, तुझा पंच्याऐंशी किलो आजच्या कायद्याने
हेवीवेटसुद्धा नाही.
त्याला खालच्या वर्गात बसवतील.
याच्या हनुवटीपर्यंत पोचायला त्याला शिडी लागेल.

हनुवटी कुणाला हवी आहे, म्हातारा म्हणाला.
बरगडी खालीच असते.

मी म्हटलं, मूर्ती लहान पण कीर्ती महान.
हिंदीत सांगताना त्यातलं अर्धं सांडलं,
उरलेलं अर्धं दोघांनी आपापल्या बाजूने घेतलं.

रस्ता रिकामा होता. क्वाबेना म्हणाला, वजन करू.
तो काट्यावर गेला. एकशे वीस.
आकडा असा बसला, जसा सिमेंटचा माल.
मग दाद करीम. चपला काढून, देवडीत जावं तसा.
ऐंशी.
मग साठ.
पुन्हा ऐंशी.
मी यंत्रावर थाप मारली. यंत्र ठीक होतं.
म्हातारा बरोब्बर सत्तरच्या उंबऱ्यावर उभा होता
आणि जरा पाय बदलला की
वीस किलो येत होते, जात होते.

बघ, तो खालून ओरडला, तुझ्या काट्यालाही मी सापडत नाही!

मग त्यांनी मालवाहू हातमोजे चढवले.
क्वाबेनाने हात वर धरले नुसते, मारायचं नव्हतंच त्याला.
दाद करीम आत शिरला, बाहेर आला,
पुन्हा आत. तीनदा. बरगडीखाली,
दारावर टकटक करावी एवढंच.
चौथ्यांदा क्वाबेनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
मारला नाही. ठेवला.
म्हाताऱ्याचे गुडघे हळूच वाकले
आणि तो लोखंडावर बसला, श्वास शोधत.

बराच वेळ कुणी बोललं नाही. समुद्राकडून उग्र वास येत होता.

मग तो सांगू लागला, कसा एकदा किमाडीच्या गोदीत
एका परदेशी जहाजाचा खलाशी, पंच्याण्णव किलोचा,
आणि हा बहात्तरचा, भर उन्हात,
दोर बांधून केलेल्या चौकोनात.
सहाव्या फेरीपर्यंत त्याने सगळं सांगितलं.
पुढे काय झालं, मी तीनदा विचारलं.
तिन्ही वेळा त्याने चहा मागितला.

केबिनमध्ये परतलो तर यंत्राने पावती काढलेली.
त्याला वाटलं असणार, गाडी आली नि गेली.
भरलेलं ऐंशी. रिकामं साठ. निव्वळ वीस.
मालाचं नाव लिहायची जागा कोरी.
दाद करीमने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली,
घडी करून टोपीत ठेवली,
आणि फाटक उघडायला गेला,
कारण मसिऱ्याचा ट्रक केव्हापासून हॉर्न वाजवत होता.