सातवा वाटा

हर्णैला लिलाव संध्याकाळी लागतो.
बैलगाड्या पाण्यात शिरतात, टोपल्या घेऊन येतात,
ओल्या वाळूवर म्हाकूल, ढोमी, बांगड्याच्या राशी,
आणि बोली लावणाऱ्या बायकांचे चढलेले आवाज.

आमच्या दारात टोपली यायची ती त्यानंतर,
काळोख पडल्यावर.
आणणारा आधी खोकायचा,
टोपली उंबऱ्याशी टेकवायचा,
म्हणायचा, "वैनी, पावशाचा वाटा."
आई काही बोलायची नाही. टोपली आत ओढून घ्यायची.

पावशे म्हणजे माझा बाप.
नारळी पुनवेनंतरच्या दुसऱ्या फेरीला
'मोतीलक्ष्मी'वर चढला.
नाव परत आली.

मी नऊ वर्षांची, मधला सात, धाकटा पाच.
आम्हांला वाटायचं, तो लांबच्या पाण्यात आहे,
दुसऱ्या कुठल्या मोठ्या नावेवर.
वाटा येतोय म्हणजे माणूस आहे.
हिशेब साधा होता.
मधला तर टोपलीत नाक घालून
बापाचा वास शोधायचा.
सापडायचा बांगडा.

आता मी मच्छीमार सोसायटीत कारकून.
परवा कपाट उपसताना 'मोतीलक्ष्मी'ची वही निघाली,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई जांभळी.
आधी डिझेल, बर्फ. मग नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा.
तांडेलाचा दीड, खलाशांचा एकेक.
माणसं सहा,
वाटे सात.

सातव्यापुढे बापाचं नाव.
ती फेरी संपल्यावरही, तेरा वर्षं.

मी जेवायचं विसरून बेरजा करत बसले.
तांडेलाचा दीड त्या महिन्यापासून एकच झाला होता.
उरलेला अर्धा पाच जणांनी आपापल्यातून चिमटीचिमटीनं काढलेला.
जाळं रिकामं आलं त्या दिवशीही
सातव्यापुढे आकडा आहे,
आणि बाजूला बारीक अक्षरात: उसने, ध. चोगले.
शेवटची नोंद
धाकट्याच्या बारावीच्या निकालाच्या आठवड्यातली.
खाली रेघ.
रेघ वाकडी आहे. नाव हलत असावी.

धाकू चोगले आता अंगणात बसून जाळी तुणतो.
मी वही पुढे केली.
त्यानं चष्मा पुसला, वही उघडली नाही.
"आत ने गो ती. पानां दमट होतील."
मग म्हणाला, पापलेट काय भावानं गेलं काल?

मागल्या हंगामात 'दर्यासागर'चा खलाशी गेला,
धनबहादुर.
घर बाजुराला, नेपाळात,
जिथून दहा दिवस चाललं तरी समुद्र दिसायचा नाही.
बायको, दोन मुली.
सोसायटीत मीटिंग बसली.
एक जण म्हणाला, दोन हंगामांचा माणूस,
आपला थोडाच तो?
पंखा फिरत राहिला. कोणी मान वर केली नाही.
तेवढ्यात सुकटवाली हौसा दारातूनच म्हणाली,
"त्यांच्यात सुकट खातात काय?"
आणि सगळे त्यावरच बोलायला लागले,
खातात, नाही खात, कुजेल वाटेत,
पोस्टमास्तर घेईल का, वास येतो,
डबल पिशवीत घाला.
द्यायचं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

नव्या वहीत मी सातवी ओळ आखली.
माझा वाटा वहीत नसतो, मला पगार असतो,
त्यातून पोस्टाचा खर्च.

पैसे बँकेतून जातात, सुकट टपालानं.
गेल्या रविवारी फोन आला.
थोरली असावी, आवाज नऊ-दहा वर्षांचा.
सुकट पोचल्याचं सांगितलं, मग थांबली.
मग विचारलं,
पापा आता कुठल्या समुद्रात आहेत?

वही समोरच उघडी होती.
नाव ताज्या शाईत.
खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसत होता, ओहोटीचा,
पायथ्याचे काळे खडक उघडे.

मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले,
इकडे वारा बरा आहे.
सुकट दोनदा धुऊन घे, बाळ,
मीठ जास्त असतं.