आतड्याची माया

वडगावात सगळ्यांनाच खोकला.
मागांच्या खटखटीत तो कळत नाही,
वीज गेली की कळतो,
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकेकाचा ओळखीचा.
म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.
"सुताची धूळ बसलीय गे छातीत, गूळ खा."
गूळ खाल्ला.
रोज सकाळी अर्धी वाटी कफ,
पिवळट, चिकट,
ताण्याला लावतो त्या खळीसारखा.

सरकारी दवाखान्यात थुंकीला तीन डब्या दिल्या.
डबीवर माझं नाव कानडीत,
मला न वाचता येणारं.
तिन्ही वेळा टीबी नाही.
सासू म्हणाली, सुटलीस.
मग आहे काय, हे कुणी म्हणालं नाही.

आतड्याचं मी बोललेच नव्हते.
ते प्रकरण माझ्यापुरतं मिटलं होतं.
चार वर्षं रक्त पडलं,
भरती कांडी टाकून मी परसाकडे पळायची,
चांगाप्पा चारही माग एकटा बघायचा.
शेवटी मोठं आतडं काढूनच टाकलं.
आठ महिने पोटावर पिशवी,
लग्नाकार्याला जाणं बंद,
मग पिशवीही गेली.
हे सगळं पोटात ठेवलं होतं.

डॉक्टर हुक्केरीबाईंनी पाठीला नळी लावली,
खाली, अगदी बरगडी संपते तिथे,
आणि बराच वेळ हलवली नाही.
मग विचारलं, "होट्टी ह्यांग ऐती?"
मी छाती दाखवायला आलेली, ही पोटाचं विचारते.
पदर सरकवला.
वण बघून म्हणाल्या, कधीचा?
दोन वर्षं. आणि खोकला?
दीड.
कागदाच्या पाठीमागे त्यांनी एक रेघ काढली:
"गर्भात आधी ही एकच नळी.
हिलाच आतडं फुटतं, हिलाच फुप्फुस.
सख्ख्या बहिणी.
एकीचं दुखणं कधी कधी दुसरीकडे राहायला जातं."
पण आतडं तर काढलं की, मी म्हणाले.
"हां, काढलं," म्हणाल्या,
आणि पंपाचं नाव लिहायला घेतलं.

परतताना बसमध्ये मला हसू फुटलं.
आतड्याची माया म्हणतात ती ही होय!
हसताना खोकला आला,
पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला.
तिला काय सांगू, हा लागत नाही म्हणून?
शहापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

सकाळी दोन वेळा ओढायचा, रात्री दोन,
वर चूळ भरायची.
पंप कांड्यांच्या टोपलीत ठेवते, तिथे तो हरवत नाही.

काल रात्री वीज गेली.
गल्ली खोकायला लागली.
चांगाप्पा अंधारातून म्हणाला,
"तुझा आज वेगळा येतोय की."
"कसा?"
"आतनं."
"सगळ्यांचा आतनंच येतोय."
तो पुढं काहीतरी बोलला,
पण तोवर वीज आली.