तीस सेकंदांचा फ्लॅट

तीस सेकंद, बसवराजशेठ म्हणाले,
एकतिसाव्याला अंगठा सरकतो.
त्यांच्या पुतण्यानं पुण्यात कोर्स केलाय.

माझ्याकडे सदतीस मिनिटं आहेत.
जुळे सोलापूरच्या पार टोकाला श्रीगिरी हाइट्स,
तिसरा मजला, दोन बेडरूम,
मे महिना, दुपारचे अडीच.
ड्रोनसुद्धा तापलं म्हणून खाली आलं.

कापायला बसतो.
आधी जिना जातो. जिना कोण विकत घेतं?
तीन मजले, माझ्या धापेसकट,
अकरा सेकंदांत बसवले, मग चारात,
मग जिनाच नाही,
माणूस गेटातून थेट हॉलमध्ये पडतो.
पश्चिमेच्या खिडकीवरचं ऊन
दोन बटणांत निळसर करतो.
आता ही खोली महाबळेश्वरातसुद्धा खपेल.

वडील मागे उभे, हातात चहाची बशी.
एकतीस वर्षं पूर्व भागात यंत्रमागावर.
टाइमलाइन बघायला त्यांना आवडते,
म्हणतात, ताणाच की हा, नुसता रंगीत.
नाना, किती लांब ठेवू?
ते म्हणतात, पांघरणारा कोण आहे?
मग उगाचच सांगतात,
एका मालकानं चादर चार इंच कमी करायला लावली होती.
घडीत कळत नव्हतं. दुकानात कळत नव्हतं.
रात्री तीनला कळतं, म्हणाले,
पायाला.

एक शॉट नळाचा आहे.
वॉचमन म्हणालेला, थांबा, येतंय.
नळ आधी खोकतो.
मग नुसती हवा,
मग एक थेंब, विचार करून,
मग गढूळ, मग बऱ्यापैकी पाणी.
बावन्न सेकंद.
पुतण्या म्हणाला, डिलीट.
शेठ म्हणाले, येडा झालास काय बे,
नळ दाखवतो का कोण? बागेचं थ्रीडी टाक.
टाकलं. बागेत कॉम्प्युटरची हिरवी मुलं
न दमता झोका घेत राहिली.

तीस सेकंद चौदा हजारांनी बघितले.
बदाम आले, टाळ्या आल्या,
सहाजणांनी विचारलं, गाणं कुठलं आहे?
फोन दोन.
त्यातला एक एजंटाचा.

दुसरा रेहाना नदाफ यांचा,
उर्दू शाळेतून मार्चमध्ये निवृत्त.
पाणी कितव्या दिवशी सोडतात?
वर चढतं का, की मोटर लावावी लागते?
आणि बेटा, तुमच्या व्हिडिओत जिना दिसला नाही,
लाइट गेली तर मी वर जाऊ कुठून?

शेठना न सांगता
त्यांना नऊ मिनिटं पाठवली, न शिवलेली.
जिना, पायऱ्या, माझी धाप, कठडा डाव्या हाताला,
खिडकीत पिवळंधमक ऊन,
खोकणारा नळ.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
नऊ मिनिटं काहीच नाही.
पंधरा झाली.
मी इतक्यात दोनदा गावाला दोष देऊन बसलो,
की कुणालाच बघायला वेळ नाही.
मग आलं:
नळाचं परत लावून बघितलं.
गढूळ किती वेळ येतं ते घड्याळ लावून सांगाल का?

रविवारी त्या आल्या.
छत्री, पाण्याची बाटली, सोबत भाची.
लिफ्ट चालू होती. नको म्हणाल्या.
पदर खोचला, कठडा धरला,
पायऱ्या मोजत चढल्या, ओठांतल्या ओठांत.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या,
भिंतीला पाठ टेकली,
मी काही बोलायच्या आत म्हणाल्या,
इथंच तुम्हीपण थांबला होता.
ऐकलं मी.

खालून शेठ विचारत होते,
काय झालं, आवडलं का?
त्यांनी मला हातानंच गप्प केलं
आणि बाटलीचं झाकण उघडलं.