उतरती बोली

फॉर्मवर बावीस प्रश्न होते, त्यातला सतरावा खरा.
बाकीचे त्याच्याभोवती नुसते बसवलेले,
दातांच्या डॉक्टरनं आधी हवापाण्याचं बोलावं तसे:
घरात माणसं किती, कमावती किती,
कुठल्या खिडकीतून समुद्र दिसतो का,
दिसत असेल तर भाडं किती जास्त.
शनिवारी पोहायला येणाऱ्यांसाठी वेगळा कागद:
किती किलोमीटर आलात, पेट्रोल किती जळलं,
वाटेत जेवलात का.
त्यावरून आम्ही काढायची वाळूची किंमत,
पावलांच्या ठशांवरून माणसाचं वजन काढावं तशी.

सतरावा असा:
काळं तेल आलं त्या हिवाळ्यासारखा हिवाळा
या किनाऱ्यावर पुन्हा येऊ नये म्हणून
आपण दर वर्षी, पदरचे,
किती युरो द्याल?

पाच? म्हणायचं. हो आलं की दहा. मग वीस.
'नाही' येईपर्यंत चढत जायचं
आणि एक पायरी खाली उतरून आकडा लिहायचा.

गलिसियातलं बंदर, धुकं छपरांपर्यंत आलेलं.
शिंपले वेचणारी एल्विरा म्हणाली,
ज्यानं सांडलं त्याला जाऊन विचार,
आणि दार लावलं.
मी शून्य लिहिलं, त्याच्यापुढे 'नि'.
निषेधाची शून्यं सरासरीत धरत नाहीत.
बारवाला एलादिओ म्हणाला, दहा हजार!
आणि गिऱ्हाइकाला डोळा मारला.
तेही धरत नाहीत.

मग दोरिंदा.
बत्तीस वर्षं मासळीच्या लिलावात आकडे पुकारलेली,
आवाज घोगरा, गुडघे गेलेले,
पुढ्यात बटाटे.
"पाच?" मी म्हणालो.
"उलटं पुकारतोयस, पोरा.
आमच्याकडे भाव वरून खाली येतो.
ज्याचा धीर आधी सुटतो तो ओरडतो, माल त्याचा.
खालून चढवलास तर माणूस घासाघीस करतो,
वरून उतरवलास तर घाबरतो.
तुला काय मोजायचंय ते ठरव."

हे पद्धतीत बसत नव्हतं.
तरी मी घसा साफ केला. दोन हजार. एकोणीसशे.
ती साल काढत राहिली, एकच, लांबलचक, न तुटणारी.
हजार. नऊशे.
"घाई नको. आकड्याला जरा हवेत राहू दे."
पाचशे.
चारशे नव्वद.
उतरता उतरता मला पहिल्यांदाच वाटलं
की हातात खरंच काहीतरी धरलंय
आणि ते ओलं आहे, निसटतंय.
दोनशे. एकशे नव्वद.
चाकू थांबेना.
कुणीच घेतला नाही तर मालाचं काय करतात,
हे आधी विचारायला हवं होतं.
एकशे पन्नास.
एकशे चाळीस.

"माझं!"

प्रश्न अठरा: आकड्याचं कारण.
तिनं ड्रॉवरमधून पावत्यांची चळत काढली, रबरबँड घातलेली.
धक्क्यावरची जागा क्रमांक एकतीस, वर्षाचं भाडं.
"होडी कुणाची?"
"होडी अमारोबरोबर गेली. अकरा वर्षं झाली."
"मग भाडं कशाचं भरता?"
"तिथं दुसरी होडी नसल्याचं."

खाली चार चौकोन होते:
वापरासाठी. पुढे कधीतरी वापरासाठी. मुलाबाळांसाठी.
नुसतं असावं म्हणून.
मी शेवटच्यावर खूण केली, मग खोडली,
मग पुन्हा तिथंच केली.

भिंत धरत धरत ती दारापर्यंत आली.
"लिलाव झाला," म्हणाली. "आता माल कधी पोचवतोस?"

फॉर्मवर प्रश्न बावीसच होते.

जाताना वाटेत धक्का लागला.
तिसाव्या जागी निळी होडी, बत्तिसाव्या जागी हिरवी,
आणि मधे भरती,
खालून वर चढत,
पाच,
दहा,
वीस.