चपलेचा अंगठा

आस्कोलीला बसमधून उतरले
आणि विसाव्या पावलाला चपलेचा अंगठा तुटला.
पर्समध्ये यादी होती: तीन चर्च, एक म्युझियम,
रोमन काळचा पूल, आणि शेवटी अधोरेखित
तीनची परतीची बस.

ओत्ताव्हियोचं दुकान म्हणजे जिन्याखालची फट.
त्यानं चप्पल उलटी केली, सुलटी केली,
वाकवून कानाशी धरली, करकर ऐकली
आणि शेजारच्या न्हाव्याला हाक मारली.
न्हावी आला वस्तऱ्यासकट, त्याच्यामागून
अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.
'एकही खिळा नाही,' ओत्ताव्हियो म्हणाला.
तिघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं
जशी कोल्हापुरात मांडी ठोकून ती मीच शिवली होती.
मी नाही म्हटलं नाही.

मग त्यानं घड्याळ पाहिलं.
चप्पल फळीवर ठेवली, दिवा मालवला.
'सव्वापाचला या.'
मी तीन बोटं दाखवली, हातांनी बस चालवून दाखवली.
त्यानं पाची बोटं जुळवली
आणि माझ्या नाकासमोर हलवली, घासासारखी.
जेवायला चला म्हणतोय, असं समजून
मी त्याच्यामागोमाग जिना चढले.
(त्या खुणेचा अर्थ 'बाई, तुझं म्हणणं तरी काय?'
असा होतो, हे कळलं
तोवर माझं दुसरं वाढून झालं होतं.)

वर त्याची बहीण, एर्सिलिया.
तिनं आधी माझा अनवाणी पाय पाहिला,
मग एक ताटली वाढवली, मग स्वतःच्या स्लिपर आणून दिल्या,
दोन बोटं मोठ्या.
प्रश्न एकच विचारला: मीठ बरोबर आहे ना?

जेवणानंतर ओत्ताव्हियो झोपला.
एर्सिलिया ऑलिव्ह सोलायला बसली,
बी भोवती सुरी फिरवत एकसलग,
अशी की फळ उघडावं पण तुटू नये.
आत सारण, वरून पुन्हा गोल मिटलेलं.
मला दिलेल्या नऊपैकी सात तुटली.
'प्यानो, प्यानो,' ती म्हणाली.
मला वाटलं, शेजारी कुणी वाजवतंय.
हळू, हळू असं म्हणत होती ती.
तीन केव्हा वाजून गेले
ते खालच्या घंटेनं सांगितलं, मी ऐकलं,
आणि आठवं ऑलिव्ह उचललं.

सव्वापाच त्या दिवशी सहाला वाजले.
तोवर गाव चालायला निघालं होतं.
चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकाला.
कुणालाच कुठे जायचं नव्हतं
म्हणून सगळे ठेवणीतले कपडे घालून आले होते.
फरशी इतकी घासलेली की आभाळ तिच्यात पाय सोडून बसलेलं,
आणि त्यावरून मी, फटक फटक, एर्सिलियाच्या स्लिपरमध्ये,
तिच्या दंडाला धरून.
बातमी माझ्या पुढे चालत होती:
लोक आधी पायांकडे बघायचे, मग 'बोना सेरा' म्हणायचे.

न्हावी भेटला. त्यानं बडीशेपेची दारू पाजली,
पेल्यात कॉफीचा एक काळा दाणा.
त्या दाण्याला इथे माशी म्हणतात.
आमच्याकडे माशी शिंकली की काम फिसकटतं,
हे सांगायला माझ्याजवळ इटालियन नव्हतं,
म्हणून मी शिंकून दाखवलं.
चौघांनी 'सालूते' म्हणत पेले उंचावले.

ओत्ताव्हियोनं अंगठा असा बसवला होता
की जुना कुठे संपला ते बोटालाही कळेना.
खिळा नव्हताच. चार युरो मात्र
नाणी मोजून चोख घेतले.
मग डावी चप्पल मागितली, वाकवली, ऐकली,
आणि डॉक्टरनं तारीख द्यावी तसं म्हणाला,
'हिचाही जाईल. वर्षभरात.'

चर्च राहिली. पूल सातच्या बसमधून
अंधारात दिसला, किंवा तो दुसराच असेल.

डावीचा अंगठा अजून शाबूत आहे.
हल्ली मी त्या पायावर
जरा जोर देऊनच चालते.