तीस सेकंदांचं पान

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. खाली टायरचं दुकान,
वर आमची झोपेची खोली:
एक पलंग, एक कॅमेरा, आणि काचेअलीकडे मी.

हसुराम मढवी, वय एकसष्ट, मान साडेअठरा इंच.
पाण्याचा टँकर चालवतात
आणि महापेच्या सिग्नलला स्टिअरिंगवर डुलक्या घेतात.
दोनदा ठोकला. मग मालकानंच इथे पाठवलं.
घरी त्यांना घोरासुर म्हणतात,
नातवंडं नक्कल करून दाखवतात पाहुण्यांना.

टेप लावून डोकं मोजलं,
शिंपी कापडावर करतो तशा लाल खुणा केल्या.
तेल नको सांगूनही थापून आले होते, दोनदा पुसलं.
मग पेस्ट, टिकलीएवढ्या वाट्या, एकवीस वायरी.
"बाय, फाशी देतंस का मना?" म्हणाले
आणि आपणच हसले.

दिवा घालवला. डोळे मिटल्याबरोबर
मागच्या वायरींवर अल्फा उमटली,
बारीक, एकसारखी, गव्हल्यांची रांग.
चार मिनिटांत तीही विस्कटली.
इतक्या लवकर कोणी झोपलं की मला बरं वाटत नाही.

पडद्यावरचं एक पान तीस सेकंदांचं.
एकोणिसाव्या पानावर घोरणं थांबलं.
हवेची रेघ सपाट.
छाती ओढते, पोट ओढतं, एकमेकांच्या उलट,
बंद दाराशी दोघं भांडत असल्यासारखी.
दहा सेकंद. वीस. अठ्ठावीस.
ऑक्सिजन शहाऐंशी, एक्याऐंशी.
माझाही श्वास अडलेला.
अकरा वर्षं झाली, ही सवय जात नाही.

आणि मग डोक्यातलं कोणीतरी उठतं.
डुलत्या लाटांच्या मधोमध एकदम खरड,
मुलानं वहीवर पेन घासल्यासारखी,
तीन सेकंद, फार तर पाच.
घसा उघडतो, घर्रकन हवा आत,
आणि उठलेला पुन्हा आडवा.
मढवींना पत्ता नाही.
पुढच्या पानावर पुन्हा.
त्याच्या पुढच्या.
तासाला बावन्न वेळा ज्याला जाग येते
त्याला घरात कुंभकर्ण म्हणतात.

खोल झोपेच्या लाटा वेगळ्या असतात, उंच, संथ,
एकेक यायला वेळ घेणाऱ्या.
ते त्यांच्यापर्यंत पोचतात, पाऊल बुडवतात,
की कोणीतरी बखोट धरून मागे खेचतं.
वाचवणाराच झोपू देत नाही.

दोन वाजता पॅसेजमध्ये चहा दिला हिराबाईंना.
म्हणाल्या, "यांचा दम अडकला का माझा कोपर जातो.
मी झोपेत असते तरी जातो."
किती वर्षं?
"लग्न झाल्यावर ते जाडे झाले, तवापासून."
मनात आलं, हिच्याही डोक्याला वायरी लावाव्यात,
कोपर जाण्याआधी कोणती लाट येते ते बघावं.
आमच्या फॉर्मवर तो रकाना नाही.

अडीचला मास्क चढवला.
दाब चार, सहा, नऊ. अकराला घोरणं विझलं.
पाचशे एकतिसाव्या पानावर पहिली डेल्टा आली,
मग दुसरी, मग पानभर.
खुर्ची मागे सारून मी नुसती बघत राहिले.
पुढे डोळ्यांच्या रेघा हलल्या, हनुवटीची रेघ मेली:
स्वप्न.

तेवढ्यात काचेवर टकटक.
"आवाज नाय येत."
झोपलेत, मावशी.
"आवाज नाय येत, म्हनतंय मी."
आत घेतलं, पडदा दाखवला.
त्यांनी एका लाटेवर बोट ठेवलं,
चढाच्या बाजूनं वर नेलं, उतारानं खाली,
आणि विचारलं, "मंग मी कशी झोपू आता?"

सकाळी मढवी पलंगाच्या कडेला बसले,
केसांत पेस्टचे गोळे.
रोजचं उत्तर तयार होतं, "मना बरी झोप लागते,"
तोंड उघडलं, आणि बोललेच नाहीत.
बराच वेळ स्वतःचे तळहात बघत होते.

बाहेर खुर्चीत हिराबाईंचा डोळा लागला होता.
डावा कोपर अधूनमधून उडत होता,
प्लॅस्टिकच्या हातावर आपटत होता, ठक्.
मोजायचं नव्हतं मला.
तासाला वीसेक तरी.